उचलायचा नाही

श्यामकांतांच्या घरी फोन आला तो अर्ज केल्यानंतर अकरा वर्षांनी. तोवर ज्यांच्याशी बोलायचं होतं त्यांतले निम्मे लोक वारले होते. उरलेल्यांत ज्याच्याशी रोज बोलावं असं एकच माणूस होतं, आणि ते ठार बहिरं झालं होतं.

"तुमचं सगळं असंच," पद्मजाबाई म्हणाल्या. "दात होते तेव्हा चणे नव्हते."

ते माणूस म्हणजे वनमालाताई, श्यामकांतांची थोरली बहीण. ती बोरिवलीला, बाभईत, मुलगा जयवंत आणि सून सुलक्षणा यांच्याकडे राहायची. श्यामकांत मुलुंडला, नवघर रस्त्यावर. मधे म्हटलं तर एकच डोंगर आणि त्यावरचं जंगल. पण सरळ जायची सोय नाही. भाऊबीजेला वळसा घालून जायचं, ओवाळून घ्यायचं, जेवायचं, दिवेलागणीला परत. बाकीचं वर्षभर फोन.

आता बहिऱ्या माणसाशी फोनवर काय करायचं? पण श्यामकांत तीस वर्षं ऑडिट खात्यात होते. तिथे माणसं एकमेकांशी बोलत नाहीतच, खुणांनी शेरे मारतात. त्यांनी ताईला एका कागदावर नियम लिहून दिले. रोज सकाळी पूजा झाली की तिनं नंबर फिरवायचा. मुलुंडला घंटा दोनदा वाजली की ठेवून द्यायचा. दोन म्हणजे मी बरी आहे. चार म्हणजे ताबडतोब ये. तीनला काही अर्थ नाही, कारण तीन म्हणजे लांबलेले दोन की तुटलेले चार, हा वाद उरतो. आणि शेवटचा नियम, खाली दोन रेघा मारून: कुणीही उचलायचा नाही. उचलला की कॉल पडतो.

ताईला पलीकडची घंटा काही ऐकू येत नसे. नंबर फिरवून झाला की ती चार वेळा रामाचं नाव घेई आणि ठेवून देई. त्यामुळे मुलुंडला कधी दोन वाजत, कधी दोन आणि तिसरीचा तुकडा. मग श्यामकांत उलट तिचा नंबर फिरवून दोन घंटा देत. ती फोनच्या काळ्या पाठीवर तळहात टेकवून बसलेली असे. आतली घंटा हाताला लागायची.

"हाताला मुंग्या आल्या की श्याम आला," ती सांगायची. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळत नाही. सगळ्या इमारतीला श्याम आल्याचं कळत असे.

हे सगळं श्यामकांत एका वहीत मांडत. तारीख, आलेली वेळ, किती घंटा, परतीच्या किती. पद्मजाबाई त्या वहीला 'वन्संचं पंचांग' म्हणत.

"माझ्या तब्येतीची एवढी नोंद ठेवली असतीत तर मी शंभर वर्षं जगले असते."

"तू समोर आहेस. समोरच्याची नोंद कशाला?"

"तेच तर म्हणतेय."

वही वाचली तर ताई दिसायची. एकादशीला उशीर, कारण पोथी. सुनेशी वाजलं असेल त्या दिवशी एक तुटकी घंटा, जशी पाय आपटत गेली असावी. एकदा सलग तीन दिवस अडीच-अडीच. श्यामकांतांनी शेरा मारला, 'जप सावकाश. सर्दी?' आणि खरंच सर्दी निघाली.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत श्यामकांतांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला टाके, त्यावर हिरवा पडदा. डॉक्टरनं सांगितलं, सहा आठवडे वाकायचं नाही, शिंकायचं नाही, धक्क्याचा प्रवास करायचा नाही. ते आतल्या खोलीत पडून राहत. बाहेर घंटा वाजली की कान टवकारत, परतीच्या दोन घंटा अंदाजानं नंबर फिरवून स्वतःच देत, आणि वही पद्मजाबाई भरत.

फेब्रुवारीच्या अखेरीला जाड भिंगाचा चष्मा मिळाला. त्यांनी पहिलं काही वाचलं असेल तर ती वही.

दहा मिनिटांनी त्यांनी हाक मारली. "पद्मजा, हे तू घड्याळ बघून लिहिलंयस की मनानं?"

"मनानं लिहायला मी काय कवी आहे? समोरच्या घड्याळात बघून लिहिलंय."

"सगळीकडे दहा पंचवीस आहे."

"म्हणजे वन्संना शिस्त लागली. म्हातारपणी का होईना."

"आणि सगळीकडे दोन. स्वच्छ दोन. एक तुकडा नाही, एक अडीच नाही."

पद्मजाबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांना नवऱ्याचा हा आवाज ठाऊक होता. खात्यात असताना एखाद्या गावची कीर्द पहिल्याच दिवशी पैन् पै जुळली की रात्री जेवताना हा आवाज निघायचा. खरं वागणाऱ्याच्या वहीत खाडाखोड असते, असं त्यांचं मत. जी जुळते ती बसून लिहिलेली असते.

"सगळीकडे दहा पंचवीस नाही काही," त्या वहीत डोकावत म्हणाल्या. "हे बघा, इथे अकरा. इथे पावणेबारा. इथे तर साडेनऊ."

श्यामकांतांनी बोट ठेवलं. रविवार. रविवार. सव्वीस जानेवारी. दुसरा शनिवार. परत रविवार. महाशिवरात्र.

पद्मजाबाई म्हणाल्या, "वन्संची तब्येत सरकारी सुट्ट्या पाळायला लागली की काय?"

म्हणाल्या थट्टेनंच, पण हसल्या नाहीत.

त्या संध्याकाळी श्यामकांतांनी नियम मोडून सरळ फोन लावला. जयवंतनं उचलला. आवाजात गोडवा होता. जयवंत लहानपणापासून गोड. पाया पडायला सांगावं लागत नसे.

"मामा! डोळा काय म्हणतो?"

"बघतोय. ताई कशी आहे?"

"मजेत. आत्ताच झोपली."

"सात वाजता?"

"म्हातारी माणसं, मामा. आणि जागी असती तरी तिला कुठे ऐकू येणार? तुम्ही उगाच काळजी करता. सकाळी घंटा येतात ना वेळेवर?"

"वेळेवर येतात," श्यामकांत म्हणाले. "अगदी वेळेवर."

जयवंत म्हणाला, "झालं तर मग."

त्यांना भाऊबीज आठवली. जेवण झाल्यावर जयवंतनं त्यांना गॅलरीत नेलं होतं. आई हल्ली कुठेही निघून जाते, म्हणाला. मागे कांदिवलीला पोचली, रिक्षावाल्यानं आणून सोडली. एकदा गॅस उघडा ठेवला. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, मामा, काय करायचं सांगा. श्यामकांत पानाचा विडा चघळत होते. "अरे, म्हातारपण आहे, सांभाळून घ्या," असं ते म्हणाले होते. सांगण्यासारखं एवढंच असतं आणि त्याला काही लागत नाही. आत ताईनं त्यांचं मनगट धरून मोठ्यानं सांगितलं होतं, "श्याम, तू वाजवतोस ना, तेवढंच माझं बाहेर जाणं!" तेव्हा सगळेच हसले होते. सुलक्षणासुद्धा.

त्यांनी पत्र टाकलं. ताईला लिहिता-वाचता चांगलं येई. आठवड्यानं उत्तर आलं ते जयवंतच्या अक्षरात. 'आईचा हात दुखतो म्हणून मी लिहीत आहे. ती मजेत आहे. आपण एवढ्या लांब येण्याची दगदग करू नये.'

"येतो म्हणून आपण लिहिलं नव्हतं," पद्मजाबाई पत्र उलटसुलट करत म्हणाल्या. "मग येऊ नका कशाला लिहिलं?"

पुढच्या सोमवारी दहा पंचवीसला दोन घंटा आल्या. श्यामकांतांनी परतीचा नंबर फिरवला तर काहीच लागेना. तक्रारीच्या नंबरवर विचारलं तेव्हा बाईनं सांगितलं, बाभईत रस्ता खणताना केबल तुटलीय, त्या भागातले सगळे फोन शनिवारपासून बंद आहेत.

"बंद म्हणजे तिकडून करतासुद्धा येत नाहीत?"

"बंद म्हणजे बंद, आजोबा."

मंगळवारी दहा पंचवीसला दोन घंटा आल्या. बंद पडलेल्या फोनवरून.

बुधवारी श्यामकांत सव्वादहापासून फोनशेजारी बसले. घड्याळाकडे बघत नव्हते. बघायची गरज नव्हती. पहिली घंटा सुरू झाली मात्र, त्यांनी उचलला.

आधी टाइपरायटर ऐकू आले. एक नाही, चार-पाच, पावसाळ्यात पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. कुणीतरी लांबून ओरडलं, "चहा इकडे!" आणि अगदी जवळ, कानाला लागून, कुणाचा तरी श्वास.

"जयवंत?" श्यामकांत म्हणाले.

फोन ठेवला गेला.

"मस्टरवर सही करायची, चहा घ्यायचा आणि मामाला आई द्यायची," ते बायकोला म्हणाले. "घरून करायची रविवारी. उठेल तेव्हा."

पद्मजाबाई खाली बसल्या. "अहो, पण मग वन्सं..."

"साडी बदल," श्यामकांत म्हणाले.

बाभईत पोचायला त्यांना बारा वाजले. जिना चढताना पद्मजाबाई पुढे आणि ते कठड्याला धरून मागे. नव्या चष्म्यातून पायऱ्या होत्या त्याहून वर दिसत होत्या. दुसऱ्या मजल्यावर पद्मजाबाई एकदम थांबल्या.

जयवंतच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. पितळी, किलोभर वजनाचं. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं, वाळलेलं.

"कुठे घेऊन गेले असतील तिला?" श्यामकांत म्हणाले.

समोरचं दार फटीएवढं उघडलं. आतून चाळिशीची एक बाई डोकावली. क्षमा तिचं नाव. भाऊबीजेला जिन्यात दिसायची, हसायची. आज हसली नाही.

"ते दोघं ऑफिसला," ती म्हणाली. "संध्याकाळी सातला येतात."

"आणि वनमालाताई?"

क्षमानं कुलपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आत आहेत ना."

"आत? आणि बाहेरून कुलूप?"

"दिवाळीपासून असंच आहे. हरवतात म्हणे. गॅसचं पण काहीतरी झालं होतं." ती आवाज खाली आणत म्हणाली, "जेवण झाकून ठेवतात हो. तसे वाईट नाहीत. आम्ही म्हटलं, घरचा मामला, आपण कशाला मधे पडा."

"रोज? सकाळपासून सातपर्यंत?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"पहिल्यांदा आतून दार वाजवायच्या. आता नाही वाजवत."

श्यामकांतांनी दारावर थाप मारली. घंटीचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आत घंटी वाजत होती आणि जिला ऐकू जायला हवी ती बहिरी होती. त्यांना हाक मारावीशी वाटली, पण कुणाला मारणार? चार इंच लाकूड मधे आणि ताई मुलुंडहून होती त्याहून लांब.

मग त्यांनी क्षमाला विचारलं, "तुमच्याकडे फोन आहे?"

"आहे. कालच सुरू झाला परत. पण त्यांना ऐकू नाही येत..."

"हाताला येतं," श्यामकांत म्हणाले.

क्षमाच्या बाहेरच्या खोलीत, दूरदर्शनच्या खोक्याशेजारी फोन होता. त्यांनी नंबर फिरवला. भिंतीपलीकडे घंटा वाजू लागली. कानात एक आणि भिंतीतून एक. पहिली संपायच्या आत कट्ट झालं. उचलला गेला.

इतकी वर्षं हा आवाज ऐकला की श्यामकांतांचा हात आपोआप फोन ठेवून देई. आताही तो निम्मा खाली गेला होता. आणि तिथेच थांबला, कारण त्यांना वही आठवली. पद्मजानं त्यांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या सात-आठ नोंदी: 'परतीची एकच घंटा. मधेच कुणी उचलला. चुकून?' दर वेळी त्यांनी क्षणात ठेवून दिला होता. कॉल पडू नये म्हणून. 'सुलक्षणा असेल,' असं म्हणालेही होते. सुलक्षणा त्या वेळी ऑफिसात असते.

त्यांनी फोन परत कानाला लावला.

"मी आहे," ताईचा आवाज आला. मोठा, सपाट, पाठ केलेला. भिंतीतूनही येत होता. "जयवंत, मी आहे. आज लवकर केलास? एक वाजायचा आहे अजून. मी जेवले. गॅसला हात लावला नाही. खिडकीशी गेले नाही. कुणाला हाक मारली नाही."

"ताई," श्यामकांत म्हणाले. "ताई, अगं मी श्याम."

तिनं थोडा वेळ दिला. हजेरी झाल्यावर मुलं बाईंच्या मान वर करण्याची वाट बघतात, तसा. मग तिचा आवाज बदलला. खाली आणायचा प्रयत्न होता, जमत नव्हता.

"तू अजून ठेवला नाहीस. मला कळतं, ठेवला की हाताला टूं-टूं लागतं. जयवंत, एक मागू? संक्रांतीला डायलला घातलंस ते कुलूप एकदा काढ रे. एकदाच. मी दोनच घंटा देईन. चार देणार नाही, शपथ. श्यामला वाटत असेल ताईनं सोडलं. त्याच्या घंटा येतात अजून. मी उचलून बोलून पाहिलं तर तो ठेवून देतो. नियमच आहे तो, त्याची चूक नाही."

पद्मजाबाईंनी श्यामकांतांच्या हातातून फोन घेतला, ऐकला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून क्षमा दोन पावलं मागे सरकली.

"तुमच्या कानावर हे रोज पडत होतं?" पद्मजाबाईंनी तिला विचारलं.

"एक वाजता," क्षमा म्हणाली. "रोज एक वाजता त्याचा फोन येतो. त्यांनी उचलून सांगायचं असतं. नाही उचलला तर..."

"तर काय?"

"एकदा नव्हता उचलला. डोळा लागला होता बिचारीचा. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. मारलं-बिरलं नाही हो. नुसता बोलला. पण दुसऱ्या दिवसापासून खिडकीला पण खिळे."

श्यामकांतांनी पद्मजाबाईंच्या हातून फोन घेऊन ठेवला. भिंतीपलीकडेही ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी पुन्हा नंबर फिरवला. या वेळी एकदा चुकला, पुन्हा फिरवला. ताई उचलेल म्हणून ते धास्तावले होते, पण जयवंतची हजेरी झाली होती, तिनं उचलला नाही. एक. दोन. इथे रोज ते थांबत. तीन. चार. मग त्यांनी ठेवला.

पलीकडे काही नव्हतं. मग खुर्ची पडल्यासारखा आवाज झाला. अनवाणी पावलं, घाईची, भिंतीला धरून येणारी. आणि दारावर आतून तळहात पडला. एक. दोन. तीन. चार. थांबला. पुन्हा चार.

श्यामकांत बाहेर धावले आणि त्यांनी दाराला हात लावला. लाकूड हाताला लागत होतं. त्यांनी बाहेरून चार वाजवले. आतला हात थांबला, आणि ताई दारातून ओरडली, साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असं:

"श्याम आला! हाताला आला!"

वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं.

"अहो, पण जयवंतना विचारल्याशिवाय कुलूप..." क्षमा म्हणाली. "संध्याकाळी येतीलच ते. तोवर तुम्ही आमच्याकडे बसा ना, चहा टाकते."

"चहा नको," पद्मजाबाई म्हणाल्या. "वरवंटा आहे?"

क्षमानं एकदा या दाराकडे पाहिलं, एकदा आपल्या. तिला इथेच राहायचं होतं, आजनंतरही. पण ती आत गेली आणि वरवंटा घेऊन आली. दोन्ही हातांनी धरून, पोटाशी.

श्यामकांतांच्या पहिल्या घावाला कोयंडा हललासुद्धा नाही. दुसऱ्याला पितळेवर पांढरी रेघ उठली. श्यामकांतांचा डोळा दुखू लागला होता. डॉक्टरनं धक्का चालणार नाही म्हणून सांगितलं होतं. पद्मजाबाईंनी वरवंटा त्यांच्या हातातून घेतला आणि पदर खोचला. आत ताईचा तळहात प्रत्येक घावाला उत्तर देत होता. तिला ऐकू येत नव्हतं, पण दार सांगत होतं.

आणि मधेच घाव थांबला, उत्तरही थांबलं.

आत फोन वाजत होता.

क्षमानं आपल्या घड्याळाकडे पाहिलं. "एक वाजला," ती म्हणाली.

पद्मजाबाईंचा हात वर गेलेला तसाच राहिला. ताई दाराशी होती; फोनच्या पाठीवर तिचा हात नव्हता, तिला काही कळत नव्हतं. ती घाव कधी पडतो याची वाट बघत उभी होती.

"मार," श्यामकांत म्हणाले. "थांबू नको. मारत राहा."

पद्मजाबाईंनी मारला. फोन वाजतच होता. श्यामकांतांना मोजायचं नव्हतं, पण आयुष्यभराची सवय, मोजलं गेलंच. दोन झाल्या. चार झाल्या. सात, आठ. फोर्टातल्या ऑफिसात कुठल्यातरी टेबलाशी जयवंत फोन कानाला लावून ऐकत होता, शांतपणे, आणि त्याला ठेवायची घाई नव्हती.

बाराव्या घंटेला कोयंडा एका बाजूनं सुटला. तेराव्याला फोन बंद झाला.

"निघाला तो," क्षमा म्हणाली, आणि आपल्या दारात जाऊन उभी राहिली.